टाकी बदलतो, नळी तीच!

गॅसची टाकी संपली की आपण लगेच नंबर लावतो. शेगडी रोज घासूनपुसून ठेवतो. पण टाकीला शेगडीशी जोडणारी नळी? जोडणी मिळाली त्या दिवसापासून बऱ्याच घरांत तीच चालू असते. म्हणून आम्ही माता-भगिनींना आणि बांधवांनाही विचारतो, आपल्या नळीवरची तारीख कधी वाचली आहे काय?

नारिंगी सुरक्षा नळीचे आयुष्य ५ वर्षे असते. तारीख नळीवरच छापलेली असते. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. सुरुवातीच्या काळात जोडणी घेऊन आजवर नळी बदलली नसेल, तर तिची मुदत कधीच संपली आहे.

वरून चांगली दिसते, मग का बदलायची? उष्णतेने आणि तेलकटपणाने रबर कडक होते, वाकवले की बारीक चिरा पडतात. उंदीर कुरतडतात ते वेगळेच. चिरेतून सुटलेला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, जिथे आपली लेकरे झोपतात. हवेत शेकडा २ च्या आसपास गॅस मिसळला, तरी एक ठिणगी पुरते. आपल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. भडका एका घरापुरता राहत नाही.

नळी तपासायला साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नका. नवी नळी एजन्सीकडूनच, आयएसआय खूण पाहून घ्या. ती दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको. तिच्यावर कापड गुंडाळू नका, चीर दिसत नाही.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा. मेणबत्ती, अगरबत्ती विझवा. दारे-खिडक्या उघडा. विजेचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करा. कुणी भाजले तर भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, हळद लावू नका.

आज रात्री रेग्युलेटर बंद करताना नळीवरची तारीख वाचा. शेजारच्या आजींना वाचता येत नसेल, तर त्यांच्या नळीचीही वाचून द्या.