सायकलीचे अपघात आणि आंकड्यांचा अर्थ

सायकलीवरून पडणें ही गोष्ट घराघरांत इतकी परिचयाची आहे, कीं तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गुडघा खरचटतो, त्यावर हळद दाबली जाते, आणि मूल दुसऱ्या दिवशीं पुन्हां सायकलीवर बसतें. डोक्याच्या दुखापतीची गोष्ट निराळी. मोडलेलें हाड सांधतें. मेंदूस झालेली इजा मात्र पुष्कळदां जन्मभर सोबत करते. म्हणूनच सायकलस्वाराचें डोकें कसें वाचवावें, आणि तें वाचविल्याचा दावा कोणी केल्यास तो कसा पारखावा, हे दोन प्रश्न सर्वांनीं समजून घेण्यासारखे आहेत.

डोकें वाचविण्याचें सर्वपरिचित साधन म्हणजे हेल्मेट. त्याच्या कवचाखालीं बाजारांतील थर्मोकोलच्याच जातीचा एक घट्ट थर असतो. डोकें रस्त्यावर आदळतांच हा थर चेपतो. त्यामुळें डोकें एकदम न थांबतां किंचित् अधिक अंतरांत व अधिक काळांत थांबतें, आणि आघाताची तीव्रता तितकी उणावते. क्रिकेटचा खेळाडू झेल घेतांना हात मागें नेतो, त्यांतलेंच हें तत्त्व होय. युरोपांतील कसोटींत हेल्मेट सुमारें दीड मीटर उंचीवरून, म्हणजे ताशीं सुमारें २० किलोमीटर वेगानें, पोलादी ऐरणीवर आदळवून पाहतात. ही परीक्षा सायकलीवरून पडण्याची झाली. भरधाव मोटारीच्या धडकेची नव्हे.

परंतु प्रयोगशाळेंतील कसोटी निराळी आणि रस्ता निराळा. १९८९ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनीं रुग्णालयांतूनच उत्तर शोधिलें. डोक्यास दुखापत झालेले २३५ सायकलस्वार त्यांनीं एका बाजूस घेतले. त्याच रुग्णालयांत आलेले, पण डोकें सोडून अन्यत्र दुखापत झालेले ४३३ जण दुसऱ्या बाजूस घेतले. पहिल्या गटांत अपघाताच्या वेळीं हेल्मेट घातलेले ७ टक्के निघाले, दुसऱ्या गटांत २४ टक्के. यावरून, वय वगैरे गोष्टींचा हिशेब करून, हेल्मेटामुळें डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारें ८५ टक्क्यांनीं घटतो असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

यावर एक रास्त शंका निघते. हेल्मेट घालणारा मनुष्य मुळांतच सावध असेल, तर त्याचा बचाव हेल्मेटानें केला कीं त्याच्या सावधपणानें? एका शहराच्या आंकड्यांवर विसंबून याचा निवाडा होत नाहीं. २०१६ सालीं अशा ४० अभ्यासांतील ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासण्यांत आली. तेव्हां हेल्मेटाचा लाभ ठरला तो पुष्कळ, पण पहिल्यापेक्षां कमी: डोक्याच्या दुखापतीचा संभव सुमारें निम्म्यावर येतो.

आतां कायद्याचें उदाहरण पाहूं. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचें झालें. त्या वर्षाच्या मार्चमध्यें ३१ टक्के स्वार हेल्मेट घालीत. पुढील मार्चमध्यें हें प्रमाण ७५ टक्क्यांवर गेलें. डोक्यास दुखापत होऊन मृत झालेल्या वा रुग्णालयांत दाखल झालेल्या स्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षीं ४८ टक्क्यांनीं, तर दुसऱ्या वर्षापर्यंत ७० टक्क्यांनीं घटले. येथेंच थांबलें तर सारें श्रेय हेल्मेटास जाईल. परंतु ज्यांच्या डोक्यास इजा नव्हती, अशा जखमींची संख्याही त्याच दोन वर्षांत २३ व २८ टक्क्यांनीं घटली होती. हेल्मेट पायाचें हाड वाचवीत नाहीं. तेव्हां घट होण्यास आणखीही कांहीं कारण असलें पाहिजे. मेलबर्न शहराच्या पाहणींत पहिल्या वर्षीं मुलांचें सायकल चालविणें ३६ टक्क्यांनीं कमी झाल्याचें दिसलें, प्रौढांचें मात्र वाढल्याचा अंदाज निघाला. शिवाय त्याच सुमारास मोटारींचा बेसुमार वेग आणि मद्यपान करून वाहन हांकणें यांविरुद्धही तेथें जोराची मोहीम चालू होती. हेल्मेटानें डोकीं वाचविलीं यांत संशय नाहीं. पण किती, हें सायकली किती फिरल्या तें मोजल्यावांचून सांगतां येत नाहीं.

हाच धडा महाराष्ट्रास लागू पडतो. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, असें केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हा अहवाल पोलिसांच्या नोंदींवर आधारलेला असतो. खड्ड्यांत चाक अडकून एकटाच पडलेला सायकलस्वार परस्पर दवाखान्यांत जातो. पोलीस चौकीवर क्वचितच. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें; पुढें रस्ते मोटारसायकलींनीं व्यापले. अशा शहरांत सायकलस्वारांचे मृत्यु कमी झाले, तर रस्ता निर्धोक झाला असें समजावें, कीं भयानें सायकलच घरांतून नाहींशी झाली असें समजावें? केवळ मृतांच्या गणनेंतून याचें उत्तर मिळत नाहीं.

त्यासाठीं दोन वह्या हव्यात. एक रुग्णालयांत: स्वार कसा पडला, कशाची धडक बसली, हेल्मेट होतें काय, रस्ता कसा होता. दुसरी चौकाचौकांत: दिवसाकाठीं किती सायकली गेल्या, त्यांत मुलें किती, स्त्रिया किती. दोन्ही वह्या शेजारीं ठेवल्या म्हणजे कोठें स्वतंत्र मार्ग हवा, कोठें मोटारींचा वेग आंवरावा, हें अनुमानानें नव्हे तर पुराव्यानें ठरवितां येईल.

तोंवर घरच्या वडीलधाऱ्यांस जें ठाऊक आहे तेंही थोडें नाहीं. मुलाच्या डोक्यास नीट बसणारें हेल्मेट द्यावें, हनुवटीखालील पट्टा बांधल्याची खात्री करावी, आणि एकदां जोरानें आदळलेलें हेल्मेट, वरून धड दिसलें तरी, टाकून द्यावें. कारण आंतील थर एकदां चेपला कीं पुन्हां फुगत नाहीं. आणि मूल पडून डोक्यास लागल्यामुळें रुग्णालयांत न्यावें लागलें, तर तें कोठें व कसें पडलें हें डॉक्टरांस सविस्तर सांगून लिहून घेण्यास विनवावें. त्या नोंदीचा उपयोग उद्यां दुसऱ्याच्या मुलास होईल.