संघाची जुळवाजुळव : लेखांक ९
माहीमचा शार्दूल आणि दुसरा गिऱ्हाईक

संघमालकांच्या थैलीचा हिशेब या आठवड्यात मांडण्याचे मी कबूल केले होते. परंतु तो तूर्त दप्तरात बांधून ठेवतो, कारण बोईसरहून एका वाचकांचे पत्र आले आहे आणि त्यातील प्रश्न मला थैलीहून अधिक मोलाचा वाटतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करणारे हे गृहस्थ विचारतात की, ज्या क्रिकेटपटू शार्दूल ठाकूरसाठी आयपीएलच्या लिलावात दिल्लीने २०२२ साली १० कोटी ७५ लाख रुपये मोजले, त्या आमच्या पालघरच्या पोराला २०२४ च्या नोव्हेंबरात, जेद्दाच्या लिलावात, दोन कोटींच्या पायाभूत किमतीलाही कुणी हात लावू नये, हा कुठला न्याय? दोन वर्षांत त्याचे गुण आटले की काय?

पत्रातील अभिमान मी समजू शकतो. शार्दूल माहीमचा, मुंबईच्या नव्हे, केळव्याशेजारच्या, पानवेलींच्या वाड्यांच्या माहीमचा. बोरिवलीच्या शाळेत त्याला नेऊन आपल्या घरी ठेवून घेणारे प्रशिक्षक दिनेश लाड भेटेपर्यंत खेळापायी पालघरहून मुंबई गाठणे हाच त्याचा निम्मा व्यायाम होता. आणि विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाडी धावू लागली ती २०१३ च्या एप्रिलात, म्हणजे लोकल पालघरला पोहोचली त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात हा गडी मुंबईच्या रणजी संघात दाखल होऊन बसला होता.

आता त्याच्या किमतीचा उतारा पाहा. २०१४ साली पंजाबने २० लाख दिले, २०१८ साली चेन्नईने २ कोटी ६० लाख, २०२२ साली दिल्लीने वर सांगितलेली रक्कम, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा चेन्नईने ४ कोटी, आणि मग जेद्दाचे शून्य. मनुष्याच्या अंगचे गुण असे भरती-ओहोटीने चढत-उतरत नाहीत. चढउतार होत होता तो त्याच्या नावाची जागा कितीजणांकडे रिकामी आहे, यात. लिलावाच्या मामल्यात एक गोष्ट लोक नेहमी विसरतात, ती ही की कोणत्याही खेळाडूची किंमत त्याला घेणारा ठरवीत नाही, तर त्याच्यासाठी शेवटपर्यंत चढाओढ करून अखेर हात खाली घेणारा दुसरा गिऱ्हाईक ठरवतो. पावणेअकरा कोटी उभे राहायला गरजू मालक किमान दोन लागतात. तसूभरही फरक न पडता गुण तसेच राहिले आणि दोघांपैकी एकाची गरज भागली, की किंमत कोसळते, आणि दोघांचीही भागली की नाव पुकारले जाऊन तसेच बाजूला पडते.

गरज भागली कशाने? माझ्या मते त्याचे एक मोठे कारण नियमातील फेरफार हे आहे. २०२३ पासून आयपीएलमध्ये बदली खेळाडूची, ज्याला इम्पॅक्ट प्लेअर म्हणतात त्याची, मुभा मिळाली. गोलंदाजी करताना एक निव्वळ गोलंदाज आणि फलंदाजी करताना एक निव्वळ फलंदाज उतरवता येऊ लागल्यावर, चार षटके टाकून आठव्या क्रमांकावर तीस धावा काढणाऱ्या माणसाचा हुद्दाच निम्मा झाला. त्याच २०२३ साली शार्दूलने ईडन गार्डन्सवर बंगळुरूविरुद्ध २९ चेंडूंत ६८ धावा झोडल्या, तरीही नियमाने काढून घेतलेली जागा एका खेळीने परत मिळत नाही. उलट जिथे हा नियम नाही, तिथे पाहावे. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत निम्मा संघ जायबंदी झाल्यामुळे त्याला जागा मिळाली. सहा बाद १८६ वरून वॉशिंग्टन सुंदरसह त्याने १२३ धावांची भागी केली आणि सामन्यात सात बळी घेतले. २०२४ च्या रणजी उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मुंबई सात बाद १०६ असताना नवव्या क्रमांकावर येऊन त्याने १०९ धावा केल्या. मुंबईच्या संघात तो चपखल बसतो, कारण वरची फळी कोसळली तर सावरणारा तळाचा माणूस ही त्या संघाची कायमची निकड आहे.

रिकाम्या जागेच्या या गोष्टीचे लहान रूप पाहायचे असेल तर आमच्या पालघर-बोईसरकडच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांचे लिलाव पाहावेत. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, प्रत्येक मालकाला ठरावीक गुणांची थैली दिलेली असते, आणि पहिल्याच नावाला, म्हणजे पंचक्रोशीतल्या सर्वांत उंच षटकार मारणाऱ्या गड्याला, एखादे शेठ निम्मी थैली मोकळी करून टाळ्या घेतात. रात्री अकराच्या सुमारास त्याच शेठना कळते की यष्टिरक्षक घ्यायचा राहिला. मग मालकाचा भाचा ग्लोव्हज घालून उभा राहतो आणि पहिल्या सामन्यात बायच्या धावा धो-धो निघतात. यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की आधी जागा भराव्या आणि मग गुण पाहावेत. तो मला मान्य नाही.

कारण अमेरिकेतील बास्केटबॉलच्या दप्तरात याच्या अगदी उलट दाखला आहे. तेथे लिलाव नसतो. संघांना, साधारणतः गेल्या हंगामातील दुबळ्यांना आधी, पाळीपाळीने नवोदितांतून माणूस उचलण्याचा हक्क मिळतो. १९८४ साली पहिला हक्क ह्यूस्टनचा होता. त्यांनी हकीम ओलाजुवानला घेतले. दुसरा पोर्टलंडचा. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर हा मायकेल जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा उमदा तरुण आदल्या वर्षीच आलेला होता आणि उणीव होती ती मध्यभागी उभ्या राहणाऱ्या उंच माणसाची. म्हणून त्यांनी सात फूट एक इंच उंचीच्या सॅम बोवीला घेतले, ज्याचा पाय कॉलेजातच दुखावून दोन हंगाम वाया गेले होते. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला उचलले. जॉर्डनला घ्यावे असे ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक बॉबी नाइट यांनी पोर्टलंडला सुचवले होते, आणि आम्हांला मध्यावरचा माणूस हवा आहे असे उत्तर मिळताच, मग त्यालाच मध्यावर खेळवा, असे ते म्हणाले, अशी आख्यायिका सांगतात. १९९२ च्या अंतिम लढतीत पोर्टलंडसमोर उभा ठाकला तो शिकागोचा जॉर्डनच. ड्रेक्सलर असूनही पोर्टलंड चार-दोनने हरले.

पोर्टलंडची चूक जुळणी पाहण्यात नव्हती. आजची रिकामी जागा दहा वर्षे रिकामीच राहणार, असे गृहीत धरण्यात होती. विशीतल्या पोराला घेताना त्याची जागा कोणती हे पाहणे मला व्यर्थ वाटते, कारण तो पिकेपर्यंत संघातील निम्मे लोक बदललेले असतात. तिशी ओलांडलेला आणि सर्वांना ठाऊक असलेला खेळाडू घेताना मात्र जागेखेरीज दुसरे काही पाहण्यात हशील नाही, कारण त्याच्या गुणांविषयी कुणालाच शंका नसते. शार्दूल या दुसऱ्या खात्यातला. म्हणूनच जेद्दानंतर चार महिन्यांनी आपला गोलंदाज मोहसीन खान जायबंदी होताच लखनौने त्याला दोन कोटींत बोलावून घेतले, आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध त्याने ३४ धावांत चार बळी घेतले.

वाचकमहाशयांनी पत्राच्या शेवटी आणखी विचारले आहे की, मग २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सने त्याला लखनौकडून घेतले तेव्हा किंमत दोन कोटींच्या पुढे का सरकली नाही. त्याचे उत्तर सोपे आहे: तो लिलाव नव्हता, दोन संघांतील आपसांतला सौदा होता, खेळाडू चालू मोबदल्यावरच इकडून तिकडे गेला, आणि तिथे वर बोली चढवायला दुसरा गिऱ्हाईक मुळातच नव्हता.