नवापूरचा धडा

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लूचा शिरकाव झाल्याचे जाहीर झाले. भारतातील या रोगाची ती पहिली नोंद होय. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही रोग आढळला. माणसांत लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. तथापि देशभर अंडी-कोंबडीचा बाजार कोसळला. २०२१ साली नवापुरात तेच संकट पुन्हा ओढवले.

हा प्रश्न केवळ पशुवैद्यकांचा नाही, अर्थशास्त्राचाही आहे. रोगाची पहिली बातमी कळते ती पक्षी पाळणाऱ्याला. ती सांगितली, तर त्याचा सारा कळप नष्ट होणार. दडवली, तर उरलेला माल विकून चार पैसे सुटण्याची आशा. परसात दहा कोंबड्या बाळगणाऱ्या आदिवासी कुटुंबाची तर तीच शिल्लक असते. सांगण्याचा तोटा एकट्याचा आणि लाभ साऱ्या समाजाचा, अशी ही विषम वाटणी आहे. म्हणून नुकसानभरपाई ही दया नव्हे. वेळेवर मिळालेल्या माहितीची ती किंमत आहे. ती अपुरी वा उशिरा दिली, तर पुढच्या खेपेस बातमीही उशिराच येईल.

निसर्गाचा हिशेब तर आपण मांडतच नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत फार उशीर झाला होता. फुकट सफाई करणारा पक्षी गेला आणि मेलेली जनावरे उघड्यावर कुजू लागली. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली. स्वस्त औषधाची खरी किंमत ही अशी!

२०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. रोग कोंबडी, वाघ आणि माणूस यांत भेद करीत नाही. भेद करतात ती सरकारी खाती. पशुसंवर्धन, आरोग्य आणि वन यांची अंदाजपत्रके वेगळी. जनावरांवर केलेल्या खर्चाने माणसांचे आजारपण टळले, तरी ती बचत पशुसंवर्धनाच्या खाती जमा होत नाही. साहजिकच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यावर पडते.

२०२२ साली नागपुरात या एकत्रित आरोग्यविचारासाठी राष्ट्रीय संस्थेची कोनशिला बसली, हे स्वागतार्हच आहे. परंतु रोग सुरू होतो गोठ्यात आणि खुराड्यात. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी तिन्ही खात्यांनी दर महिन्यास एकत्र बसावे, मेलेल्या पक्ष्यांची वार्ता एकमेकांस त्वरित कळवावी आणि भरपाईचा निधी जिल्ह्यात आधीच राखून ठेवावा. देवपुरात अंडी घेणाऱ्या ग्राहकाचे आरोग्य नवापूरच्या पालकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. तो प्रामाणिकपणा त्याला परवडेल अशी व्यवस्था करणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.