पुरुषांच्या धूम्रपानामागील सामाजिक कारणे

धूम्रपान हे केवळ व्यक्तीचे व्यसन मानल्यास त्याचा अर्धाच उलगडा होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १९ टक्के पुरुष व अवघ्या २ टक्के स्त्रिया धूम्रपान करीत. धूररहित तंबाखूच्या बाबतीत मात्र हे प्रमाण २९.६ व १२.८ होते. म्हणजे स्त्रियांस वर्ज्य ठरला तो तंबाखूपेक्षा धूर. मशेरी घरातल्या घरात लावता येते. विडी चव्हाट्यावरची, आणि चव्हाटा पुरुषांचा. तेथे विडी पुढे करणे हा स्नेहाचा व्यवहार. ती नाकारणारा शिष्ट ठरतो. वडीलधाऱ्यांसमोर न ओढण्याचा संकेत तर तरुणास अधिकच मित्रमंडळींकडे लोटतो. सार्वजनिक स्थळी धूम्रपानबंदीचे सुधारित नियम ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. परंतु केवळ दंडाच्या भयाने ही देवघेव कितपत तुटेल, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका वाटते.