वनस्पतींतील रसायने (लेखांक ७) : हळदीचा रंग आणि हळदीचा वास

हळकुंड फोडले की आतला नारिंगी-पिवळा रंग दिसतो आणि मातकट, किंचित तिखट वास नाकात शिरतो. रंग आणि वास दोन निरनिराळ्या रसायनकुळांतून येतात. रंग करक्युमिनॉइडांचा. करक्युमिन आणि त्याची दोन भावंडे मिळून हा गट होतो आणि वाळलेल्या हळदीत तो साधारण २ ते ५ टक्के भरतो. वास उडून जाणाऱ्या तेलाचा. हे तेल ३ ते ७ टक्के असते आणि त्यात टर्मरोन नावाची संयुगे मुख्य असतात. उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा.

मराठवाड्यात हळदीचे नाव वसमतशी जोडलेले आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोवर वसमत तालुका परभणी जिल्ह्यातच होता. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांनी या पट्ट्यात बागायत आणली, आणि जवळजवळ नऊ महिने जमिनीत राहणाऱ्या या पिकाला पाण्याचा आधार मिळाला. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे बेणे जमिनीत जाते. पाला वाळला की फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद निघतात.

काढलेली हळद तशीच वाळवत नाहीत, आधी शिजवतात. पूर्वी हे काम कढईत पाणी घालून होई, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरवर होते. फेस येऊन हळदीचा खास वास सुटला आणि कंदात काडी सहज घुसली, की हळद शिजली असे समजतात. शिजल्याने कंदाची उगवण्याची शक्ती जाते, पिष्ट फुगून चिकट होते आणि पेशींत अडकलेला रंग कंदभर सारखा पसरतो. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते पाण्याबरोबर फारसे वाहून जात नाही. उष्णतेत तेल मात्र काही प्रमाणात उडते. हळद जास्त शिजली की रंग बिघडतो, आणि कच्ची राहिली की हळकुंडे ठिसूळ होतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे उन्हात वाळवण आणि शेवटी ड्रममध्ये पॉलिश.

करक्युमिन १८१५ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे करण्यात आले आणि १९१० मध्ये त्याची रचना ठरली. या रेणूची गंमत स्वयंपाकघरातच दिसते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. तोच कपडा उन्हात टाकला की डाग फिका पडतो, कारण प्रकाशात करक्युमिन मोडते. कुंकवाची गोष्ट जरा वेगळी आहे. पारंपरिक पद्धतीत हळदीवर टाकणखार आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करतात. लिंबू आम्ल आहे, तेव्हा साबणाने येतो तो लाल रंग इथे टिकणारच नाही. टाकणखारातले बोरॉन आम्लाच्या साक्षीने करक्युमिनशी बांधले जाते आणि त्या संयुगाचा रंग गडद लाल असतो. माती-पाण्यातील बोरॉन मोजण्याची एक प्रयोगशाळेतली पद्धत याच अभिक्रियेवर चालते.

शरीरावरील परिणामांकडे वळले की चित्र इतके नितळ राहत नाही. मागील लेखातील पेपरमिंटचा मेन्थॉल एका ठरावीक ग्राहीला, थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूवरच्या टीआरपीएम-८ ला, चिकटतो आणि गारवा भासवतो. करक्युमिनचे असे एक कुलूप नाही. परीक्षानळीत ते दाह वाढवणाऱ्या कितीतरी प्रथिनांना अडवताना दिसते, आणि नेमका यामुळेच संशय येतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवून दिले, की हा रेणू अस्थिर आहे, अनेक चाचण्यांत दिशाभूल करणारे निकाल देतो आणि परीक्षानळीतले यश माणसात उतरेलच असे नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेले करक्युमिन रक्तात फार थोडे पोचते. बरेचसे आतड्यातून तसेच निघून जाते आणि शोषले गेलेले यकृत झटपट बदलून टाकते. बंगळुरूत १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर काळ्या मिरीतील पिपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर हे प्रमाण वीसपट वाढले. काही चाचण्यांत मात्र गुण स्पष्ट दिसला आहे. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या रुग्णांत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला.

जखमेवर हळद दाबण्याची घरगुती रीत तर न्यायालयीन थाटाच्या वादात सापडली होती. १९९५ मध्ये अमेरिकेत या वापरावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने भारतीय लिखाण पुढे करून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या पेटंटमध्ये नवे काही नव्हते, एवढेच यातून सिद्ध झाले. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न निराळा.

भाजी-आमटीत एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळद पडली, तर तिच्यात साधारण १०० मिलिग्रॅम करक्युमिन असते, आणि ते चार-पाच जणांत वाटले जाते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम येते. फोडणीतून ही मर्यादा ओलांडणे अवघड, पण कॅप्सूलमधून एका गोळीतही जमते. पिपरिन मिसळलेल्या तीव्र कॅप्सूलांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे वाढल्या आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी असा अर्क डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.