मेथीची जुडी आणि वॉर्फरिनची गोळी

नाशिकहून रोज मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मुंबईला जातात. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ झालेल्या कित्येकांच्या ताटातून मात्र हीच भाजी हद्दपार होते. विनाकारण!

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट वाढतो. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. नव्या गोळ्यांना भाजीचं पथ्य नाही. पण ऱ्हुमॅटिक तापाने झडप अरुंद झालेल्यांना (आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ) जुनं वॉर्फरिनच अधिक सुरक्षित, हे २०२२च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसलं. वॉर्फरिन ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि पालेभाजीत हे जीवनसत्त्व भरपूर असतं. पण म्हणून भाजी सोडू नका. दर आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. बहुतेकांचा आयएनआर (रक्त गोठण्याचा निर्देशांक) २ ते ३ असावा लागतो, तो तपासत राहा.

फिश ऑइलच्या कॅप्सूल मनाने घेऊ नका. मोठ्या मात्रेत त्या हाच विकार होण्याचा धोका वाढवतात.

आणि द्राक्षांच्या गावात वाइनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ऑस्ट्रेलियात नियमित दारू पिणाऱ्या १४० रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दारू सोडायला सांगितलेल्या गटात सहा महिन्यांत ५३ टक्के लोकांना विकार उलटला. नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांत ७३ टक्के.