मोरीची दुर्गंधी : कारणे व उपाय



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांची चर्चा व्हावयाची, तेथे मोरीच्या वासाचा विषय काढणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु घरातील स्त्रीचा निम्मा दिवस ज्या ओट्यापाशी जातो, तेथील दुर्गंधीचा विचार विद्वत्तेला कमीपणा आणणारा नाही. शिवाय सिंकमधून येणारा वास आणि टाकीत उतरलेल्या कामगाराचा प्राण घेणारा वायू ही एकाच कुळातली भावंडे आहेत. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, म्हणून हे नाते मला अधिक जाणवते. आज ते उलगडून सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या गावाचे नाव आळे. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी धरून ठेवण्यासाठी जे खोदतात, तेही आळेच. जुन्या घरातील मोरीचे पाणी परसदारी जाई आणि तेथे अळू किंवा केळ उभी असे. पाणी थोडे, ते उघड्यावर वाहणारे आणि लगेच मुरणारे. सडावयास त्याला सवड मिळत नसे. आता पाणी नळाने घरात आले आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होतात. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे रोज २२० लिटर पाणी घराबाहेर पडणार. पाणी आणण्याचा विचार आपण केला, पण ते घालवण्याचा तितकासा केला नाही. दुर्गंधीचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

आता हा वास येतो कसा ते पाहू. त्याची उगमस्थाने दोन. पहिले घरातच असते. खरकटे आणि तेलातुपाचा ओशटपणा नळीच्या आतल्या बाजूस चिकटतो व त्यावर बुळबुळीत मळी धरते. या मळीत सूक्ष्म जंतू वाढतात. हवा न पोचणाऱ्या जागी ते अन्न कुजवतात आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निर्माण होतो. त्याला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात.

दुसरे उगमस्थान घराबाहेर, म्हणजे गटारात किंवा सेप्टिक टाकीत असते. तेथला वायू नळीतून उलट वर चढू पाहतो. त्याला अडवणारा दरवाजा कोणता? तर दोन इंच उंचीचे साधे पाणी! सिंकखालच्या नळीला जो बाक असतो किंवा बाटलीसारखे भांडे जोडलेले असते, त्यात हे पाणी नेहमी साचून राहते. सांडपाणी त्यातून खाली जाते, पण वायूला वर येता येत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपाच्या नळीला असा बाक देऊन त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडील बांधकामाच्या पुस्तकांत जमिनीतल्या अशा भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यातली नहाणी ही आपली न्हाणीच आहे.

हा पाण्याचा दरवाजा चार प्रकारे उघडा पडतो. घर महिनाभर बंद राहिले की पाणी वाळून जाते. बाटली कोठे गळत असेल, तरी ते निघून जाते. पुढल्या नळीला हवेची वाट नसेल, तर एकदम सोडलेले पाणी जाताना बाकातले पाणीही ओढून नेते. त्या वेळी गुडगुड असा आवाज येतो. चौथा प्रकार फारच आढळतो. वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी बाक न देता सरळ भोकात सोडून दिलेली असते आणि तिच्याभोवतीची फटही उघडी असते. तेथे दरवाजा मुळी बसवलेलाच नसतो.

तेव्हा औषधाआधी निदान करावे. तांब्याभर पाणी हळूहळू ओतल्यावर वास थांबला, तर बाक कोरडा पडला होता असे समजावे. वास पुन्हा पुन्हा परतत असेल, तर गळती किंवा हवेच्या नळीचा अभाव शोधावा. वास जाळीपाशीच येत असेल, तर मळी साचली आहे. नळी जेथे भिंतीत किंवा जमिनीत शिरते तेथे येत असेल, तर फट बुजवली पाहिजे.

मळीवर उपाय हाताचाच आहे. खाली बादली ठेवून बाटलीचे झाकण फिरवून काढावे, आतला गाळ टाकून द्यावा व नळी ब्रशने घासावी. जाळीची खालची बाजूही घासावी. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मग मूठभर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ओतावा. सोड्याने ओशटपणा सुटतो. पाणी मात्र उकळते नसावे, कारण प्लॅस्टिकची नळी त्याने मऊ पडून सांधे सुटतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची पद्धत आहे. फेस पुष्कळ येतो, परंतु दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती फारसे काही लागत नाही. डांबराच्या गोळ्यांनी एका वासावर दुसरा वास बसतो, मूळ कारण जागच्या जागी राहते. शिवाय त्या विषारी असल्यामुळे स्वयंपाकघरात नसलेल्याच बऱ्या. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांची गाठ कधीही घालू नये. त्यातून क्लोरीन हा घातक वायू सुटतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ताटे निपटून मग धुणे आणि कढईतले तेल कागदाने पुसून घेणे.

घराबाहेर पडणाऱ्या पाण्याला उतार हवा आणि शेवटी मुरण्याची जागा हवी. परस असेल तर साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, वर विटांचे तुकडे भरावेत आणि पाणी आत शिरण्यापूर्वी गाळ अडवणारे लहान कुंड ठेवावे. ते कुंड वेळोवेळी साफ केले नाही, तर खड्डा तेलकट होऊन तुंबतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून तेथे परसबागेची जोड द्यावी. विहिरीपासून खड्डा निदान १५ मीटर दूर असावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओट्यापाशी जो वायू नाकाला त्रास देतो, तोच बंद टाकीत माणूस मारतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खोल जागी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाक त्याला ओळखते. परंतु हे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून धोका नाही, असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. देशात असे मृत्यू वारंवार घडले आहेत.

म्हणून कायदा काय सांगतो ते प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवावे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे बंधन नगरपालिकेपुरते नाही, ते तुमच्याआमच्यावरही आहे. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. घरातला कर्ता गेल्यावर मिळणारा पैसा कितीही असला, तरी त्याने ते घर पूर्वीसारखे उभे राहत नाही, हे सांगावयास न्यायालय नको.

‘चारशे रुपये जास्त देतो, पण आजच उतर’ असे मजुराला म्हणणारा गृहस्थ दुष्ट असतोच असे नाही. टाकीत काय भरले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि मजुराला नाही म्हणणे परवडत नाही. तेव्हा जाणणाऱ्यानेच ‘नको’ म्हटले पाहिजे. टाकी ओढून घेणारी गाडी बोलवावी, ती येईपर्यंत चार दिवस वास सोसावा, आणि झाकण उघडल्यावर कोणासही आत वाकू देऊ नये.

आज घरी गेल्यावर सिंकखालचे दार उघडून नळीला बाक आहे की नाही एवढे पाहावे. आणि सेप्टिक टाकी पुढल्या खेपेस उपसून घेण्यासाठी कोणाला बोलवावयाचे, हे घरातल्या सर्वांनी आजच ठरवून ठेवावे.